अकरा गाण्यांमागची घरघर

शुभ्राचा अल्बम गणपतीच्या आत पुरा झाला नाही, तर तिच्या आईचा, मृणालिनीचा, फायदाच फायदा होता.

पहिली गोष्ट म्हणजे नोकरी. ऑडिट फर्मचं ऑफर लेटर येऊन पडलं होतं. महिना साडेसात हजार दिरहम, "म्हणजे आपले पावणेदोन लाख झाले की," असं मृणालिनी दिवसातून दोनदा स्वतःलाच ऐकवायची. दुसरी गोष्ट कपाट. बेडरूममधलं तिचं साड्यांचं कपाट गेल्या फेब्रुवारीपासून शुभ्राच्या ताब्यात होतं. साड्या मऊ, त्या आवाज पिऊन टाकतात, म्हणून पोरगी माइक घेऊन त्या कपाटात उभी राहायची आणि आईने लग्नाला जायचं झालं तर आधी दारावर टकटक करायची. तिसरी गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती, पण वजनाने सगळ्यांत भारी तीच. दुबईतल्या मराठी मंडळाच्या आरतीला मैत्रीण हेमा आपली बांगड्यांची चळत सावरत विचारायची, "काय गं, शुभ्रा काय करते हल्ली?" आणि वर्षभर मृणालिनी म्हणत आली होती, "मास्टर्सचा विचार चाललाय." विचार इतका लांबला होता की आता हेमा विचारतानाच हसायची.

आणि अल्बम वेळेत झाला तर मृणालिनीला काय मिळणार होतं? तिने तेही मांडून पाहिलं होतं. काही नाही. उलट पोरगी रॅप करते हे अल बर्शापासून शारजापर्यंतच्या तमाम मराठी घरांना कळणार होतं.

तसा करार चोख होता. डिग्री झाल्यावर डायनिंग टेबलावर बसून ठरलेला. एक वर्ष शुभ्राचं. गाणी तिने लिहायची, ठेका तिने बसवायचा, रेकॉर्डिंग तिने करायचं, पैसे तिने ट्यूशन घेऊन उभे करायचे. गणपती बसायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत अकरा गाणी शेवटचा हात फिरवायला कोल्हापूरच्या साऊंडवाल्या सुजीतकडे पोचली, तर पुढचं वर्षही तिचं. नाही पोचली, तर ऑफर लेटरवर सही. ते लेटर हेमाच्या नवऱ्याने, सतीशने, शब्द टाकून मिळवलेलं होतं, त्यामुळे त्यात उपकारही होता.

कोल्हापूरच का, तर त्यात प्रकाशचा हात होता, आणि प्रकाशला तो आपला आहे हे माहीतही नव्हतं.

प्रकाश नलवडे हमरिया फ्री झोनमध्ये पाइपांना कोटिंग करणाऱ्या कंपनीत क्वालिटी मॅनेजर होता. मूळचा गडहिंग्लजकडचा. चोवीस वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा एरंडवण्याच्या सासरी पहिल्याच जेवणात त्याने श्रीखंडाला "लई भारी" म्हटलं आणि सासूबाईंची भुवई वर गेली ती पान वाढून होईपर्यंत खाली आली नाही. मृणालिनीने तेव्हापासून काम हाती घेतलं. रागावून नाही, प्रेमानेच. "लई नाही, खूप." "न्हाई नाही, नाही." ती पुढे एका शाळेच्या फी काउंटरवर बसायला लागली, तिथेही तिची ख्याती हीच, की चुकलेला आकडा तिच्या नजरेतून सुटत नाही. दुबईला येऊन पाच वर्षं व्हायच्या आत प्रकाश बातम्या देणाऱ्या माणसासारखा बोलायला लागला. जुनं बोलणं उरलं ते बाल्कनीत. आठवड्यातून एकदा काचेचा दरवाजा ओढून घेऊन तो गावी दादाला फोन लावायचा, आणि काचेच्या अलीकडे गृहपाठाची वही मांडीवर घेऊन शुभ्रा बसलेली असायची.

त्या वहीत कधी काय लिहिलं गेलं देव जाणे. घरात जेवायला हाक मारली तर ही मुलगी "कमिंग" म्हणते, आणि माइकसमोर उभी राहिली की "आलो की!" म्हणते. तिची दोन गाणी मोबाइलवर सुटली आणि कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या पोरांनी ती उचलून धरली. चार लाख लोकांनी ऐकलं. "साऊथची नवी पोरगी" असं कुणीतरी लिहिलं. प्रकाशच्या ऑफिसातल्या एकाने विचारलं, "साऊथ? केरला?" प्रकाश छाती फुगवून म्हणाला, "साऊथ महाराष्ट्र." डिसेंबरात शारजातल्या एका मोठ्या कार्यक्रमात पंचवीस मिनिटं मिळाली होती. अट एकच, अल्बम पुरा हवा.

तर असा दोन्ही पारड्यांचा प्रकार. आणि गणपतीला पंधरा दिवस उरले असताना सुजीतचा फोन आला.

शुभ्राने तो स्पीकरवर घेतला. सगळे जेवत होते.

"शुभ्रा, गाणी लई भारी झाल्यात," सुजीत म्हणाला. "शब्दाला धार हाय. पर मागनं गिरण कसली चालू हाय?"

"व्हॉट गिरण?"

"अगं पिठाची गिरण. घर्रर्र. अकराच्या अकरा गाण्यांत हाय."

"देअर इज नो गिरण हिअर, सुजीतदादा."

"मग फ्रिजात बसून म्हटलीयास काय?"

प्रकाश हसला. शुभ्रा हसली नाही. "काढता येईल?"

"काढून बघितली. घरघर जाती, पर जाताना तुझा आवाज संगं घिऊन जाती. उरतंय ते ताक." पलीकडे त्याने कुणाला तरी चहा सांगितला. "परत म्हण सगळी. दुसरं औषध न्हाई. आणि हे बघ, गणपती बसायच्या आदल्या दिवशी सांजच्याला माझ्या हातात पायजेत. एकदा गणपती बसला की मी मंडळाच्या साऊंडच्या गाडीवर. मग विसर्जनापतूर मी माझ्या आईलाबी गावत न्हाई."

फोन बंद झाला. शुभ्राने लॅपटॉप आणला, हेडफोन लावून एक गाणं ऐकलं, दुसरं ऐकलं. मग हेडफोन बाबांच्या कानांवर चढवले. प्रकाशने डोळे मिटून, मान डोलावून ऐकलं. "छान आहे. घरघर वगैरे काही नाही." पण अठरा वर्षं पाइपांच्या यार्डात काढलेल्या कानांची साक्ष कोण धरणार?

मग हेडफोन मृणालिनीच्या कानांवर आले.

ती खोटं बोलू शकली असती. "मला नाही बाई काही ऐकू येत," एवढं म्हटलं असतं तर सुजीतच्या मशिनवर खापर फुटलं असतं, आठवडा वादात गेला असता, आणि साडेसात हजार दिरहम आपल्या पायांनी चालत घरी आले असते.

"येतेय," ती म्हणाली.

"काय आहे ते?"

मृणालिनीने बोट वर केलं. जेवणाच्या टेबलावर, छतात, पांढरी जाळी होती. तिच्यातून गार वारा येत होता, बावीस वर्षं येत होता.

शुभ्रा त्या जाळीकडे बघतच राहिली. ह्या घरात जन्मल्यापासून तिने तो आवाज ऐकला होता, म्हणजे कधीच ऐकला नव्हता. दुबईत एसी कुणी बंद करत नाही. महिनाभर भारतात जायचं झालं तरी काटा सत्तावीसवर ठेवून जायचा, नाहीतर परत येईपर्यंत चपलांनासुद्धा बुरशी चढते. इथल्या पोरांच्या लेखी ती घरघर म्हणजेच शांतता. मृणालिनीचं तसं नव्हतं. ती पुण्याहून आली तेव्हा वर्षभर त्या आवाजाने तिला झोप लागली नव्हती. कानात कापूस घालून झोपायची. पुढे झोप यायला लागली, पण कानाने ओळख ठेवली होती.

"आई," शुभ्राने हळू विचारलं, "तू आधी ऐकलं होतंस हे?"

"मार्चमध्ये. पहिलं गाणं दाखवलंस तेव्हा."

"अँड यू डिडन्ट से?"

"तू 'गाणं कसं आहे' विचारलंस. मी 'बरं आहे' म्हटलं."

प्रकाशचा घास ताटातच राहिला. करारात आईने लबाडी करू नये असं कलम नव्हतं, हे खरं. पण काही कलमं लिहायची नसतात म्हणूनच लिहिलेली नसतात, हे शाळेच्या फी काउंटरवर बसणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. मृणालिनीने ताटाकडे पाहिलं आणि पोरगी रडेल, ओरडेल, दार आपटेल, याची वाट पाहिली.

शुभ्रा उठली. भिंतीवरच्या डबीपाशी गेली आणि तिने एसी बंद केला. घरघर थांबली. सगळ्या घरात एकदम कुणीतरी श्वास रोखल्यासारखं झालं. फ्रिजचा आवाज आला, खालच्या रस्त्यावरच्या डिलिव्हरीवाल्याच्या मोटरसायकलचा आला.

"सो दॅट्स हाऊ इट साउंड्स," शुभ्रा म्हणाली. मग वळून म्हणाली, "पंधरा दिवस. अकरा गाणी. मला ऐकू येत नाही, बाबांना येत नाही. आई, कान तुझे. यू ओ मी दॅट."

मृणालिनीने विरोध केला नाही. देणं लागतं हे तिला हिशेब न मांडताच कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घराचं वेळापत्रक बदललं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळे मृणालिनी घरीच होती. संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मुलं खुर्च्या ओढतात, रात्री शेजारचा टीव्ही. इमारत मेल्यासारखी शांत असते ती दुपारी दोन ते सहा, आणि ऑगस्टातल्या दुबईत दुपारी दोन ते सहा एसी बंद करून बसणं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळत नाही. पहिल्या तासात भिंती गरम होतात. दुसऱ्या तासात नळाचं गार पाणी चहाला चालेल असं येतं. चार वाजता डबीवरचा आकडा चौतीस दाखवायचा. शुभ्रा कपाटात, एकोणीस साड्या आणि तीन शालूंच्या मधोमध. मृणालिनी कपाटाबाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर, कानाला हेडफोन, मांडीवर ओला नॅपकिन.

"थांब," ती म्हणायची. "पाण्याची मोटर."

"आई, इट्स गॉन नाऊ."

"गेली नाही. अजून दहा सेकंद आहे ती."

जायची दहा सेकंदांनी. मृणालिनी घरघर अशी पकडायची जशी फीच्या चेकवरची चुकलेली तारीख. लिफ्ट थांबल्याचा ठोका, घड्याळ, सुट्टीच्या दिवशी प्रकाशच्या सँडलची चुरचुर. भिंतीवरचं घड्याळ पहिल्याच दिवशी उतरवलं गेलं. पंख्याचा प्रश्नच नव्हता, कारण बावीस वर्षांत त्या घरात पंखा आलाच नव्हता. चौथ्या दिवशी शुभ्राला कपाटात घेरी आली. मृणालिनीने लिंबू-साखर-मीठ पाजलं आणि म्हणाली, "आज पुरे."

"नो. वन मोअर."

"अगं, पडशील."

"साड्यांवरच पडेन ना." आणि कपाटाचं दार तिने आतून ओढून घेतलं.

मृणालिनी स्टुलावर बसली. हा हट्ट नेमका कुणाकडून आला याचा विचार तिने केला, आणि उत्तर फारसं लांब नव्हतं म्हणून सोडून दिला.

सहाव्या दिवशी हेमा आली. श्रावणातल्या सत्यनारायणाचा प्रसाद द्यायला, फोन न करता. मृणालिनीने दार उघडलं तेव्हा ती सुती गाऊनमध्ये होती, केस कपाळाला चिकटलेले, अंगावरून घाम ओघळत होता. आतून भट्टीसारखी वाफ आली.

"अगंबाई!" हेमा म्हणाली. "एसी बिघडलाय?"

आत गाणं चालू होतं. मृणालिनीने ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजली, "बिघडला नाही. बंद आहे."

"मेंटेनन्सला फोन केलास का?"

"त्यांचं काही काम नाही त्यात."

"कधीपासून?"

"झाला आठवडा. गणपतीपर्यंत असंच."

हेमाने मृणालिनीकडे पाहिलं, भिंतीवरून उतरवलेल्या घड्याळाच्या खिळ्याकडे पाहिलं. तिचा आवाजही आपोआप खाली आला. "आणि प्रकाशभावजी? कामावर जातात ना?"

"जातात की. का गं?"

"नाही, सहज." तिने प्रसादाची वाटी मृणालिनीच्या हातात दिली, दुसऱ्या हाताने तिचा हात दाबला, आणि न बसता गेली.

दुबईत भर ऑगस्टात ज्या घरातला एसी बंद असतो, त्या घराचं बिल थकलेलं असतं. याला दुसरा अर्थ नाही. हे इथे पहिलीतल्या पोरालाही कळतं. मृणालिनीला ते दार लावल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सतीशचा प्रकाशला फोन. "प्रकाश, हबीबी, आपण घरचे आहोत. संकोच करू नकोस. किती राहिलंय?"

हेमाने काय सांगितलंय याचा प्रकाशला पत्ताच नव्हता. त्याला वाटलं, ह्याला अल्बमबद्दल कळलं. त्याने खुशीत सांगितलं, "सात झाली, चार राहिलीत."

"चार हप्ते?" सतीशने आवाज खाली आणला. "इन्शाल्ला होईल, होईल रे सगळं."

संध्याकाळी दारात दहा किलो बासमतीची पिशवी आली, तूप आलं, हेमाच्या हातच्या पुरणपोळ्या आल्या. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्गणीची आठवण सगळ्यांना गेली, नलवड्यांना गेली नाही. हे शेवटचं मृणालिनीला सगळ्यांत लागलं.

"सांगून टाक ना खरं," सुट्टीच्या दुपारी घरी असलेला प्रकाश म्हणाला.

"काय सांगू? की माझी मुलगी कपाटात बसून 'आलो की' म्हणतेय म्हणून मी एसी बंद केलाय?"

"मग कर्जबाजारी दिसायचं का?"

मृणालिनीने क्षणभर दोन्ही रकमा तोलल्या. "दिसू दे," ती म्हणाली. "गणपतीनंतर बघू. आता फोन ठेव तो बाहेर, त्याचं व्हायब्रेशन येतंय."

म्हणून तिचा विचार बदलला असं मात्र कुणी समजू नये. ती स्टुलावर बसून इमानदारीने घरघर शोधत होती, आणि मनातल्या मनात गाणी वेळेत होणार नाहीत असंही धरून चालली होती. दोन्ही एकाच वेळी. माणसाला तसं जमतं.

शेवटचा दिवस उजाडला तेव्हा दहा गाणी कोल्हापूरला पोचली होती. अकरावं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी गणपती. प्रकाशने सुट्टी टाकली होती. कोल्हापुरातली सांज म्हणजे इथले पाच, त्यामुळे दीडलाच एसी बंद झाला. गाण्याचं नाव होतं 'बाल्कनी'.

"रेडी?" कपाटातून आवाज आला.

"म्हण."

आणि शुभ्राने म्हटलं:

"घरात माझा बाप बोलतोय पुस्तकातलं गोड,
बाल्कनीत गेला की त्याच्या जिभंला फुटतोय मोड.
काचंच्या अल्याड आई, पल्याड त्याचं गाव,
दोन बोटं काच, तिला दुबईचं नाव."

मृणालिनीचा नॅपकिन मांडीवरून खाली पडला. हे गाणं तिने याआधी तीनदा ऐकलं होतं. मार्चपासून सगळीच गाणी ऐकली होती. पण तिने ऐकली होती ती घरघर. शब्द तिने आजवर कानात घेतलेच नव्हते.

गाणं संपलं. "आई? कसं आलं?"

प्रकाश दारात उभा होता. त्याला हेडफोनशिवायही ऐकू गेलं असणार, कारण तो खाली फरशीकडे बघत होता.

मृणालिनीच्या हातात आता सगळं होतं. घड्याळ उतरवलेलं असलं तरी वेळ तिला ठाऊक होती: तीन वाजून गेले होते. "अजून घरघर आहे," एवढे तीन शब्द चार वेळा म्हटले की पाच वाजले असते. कुणी पडताळू शकलं नसतं. ह्या घरात ऐकू येणारी एकटी तीच. नोकरी, कपाट, हेमाला उत्तर, आणि वर हे गाणं, ज्यात आई काचेच्या अलीकडे उभी होती, ते जगात न जाणं. एवढा नफा एका वाक्यात पुन्हा कधी मिळणार नव्हता.

"गाणं आलं," ती म्हणाली. "पण मागे फ्रिज आहे. फ्रिज बंद कर, प्रकाश. आणि पहिल्यापासून घ्या."

"आई, फ्रिज इतका सटल आहे..."

"दहा गाण्यांत गाणं मोठ्याने होतं, फ्रिज लपला. हे हळू आहे. बंद करा."

प्रकाशने प्लग काढला. आत उद्याच्या मोदकांचं सारण होतं, दोन लिटर दूध होतं. दुसऱ्यांदा गाणं घेतलं. बरोबर आलं. मृणालिनीने अंगठा दाखवला. चार वाजायला आले होते.

"आता बाबांचा बिट," शुभ्रा म्हणाली. गाण्याच्या सुरुवातीला तिला बाबांचा फोन हवा होता, दादाकाकांशी बोलतात तसा. दहा सेकंद. प्रकाशला कपाटासमोर उभं केलं, माइक पुढे धरला.

"हॅलो, दादा," प्रकाश म्हणाला. "कसा आहेस? तिकडे हवामान कसं आहे?"

"बाबा! नॉट लाइक दॅट. बाल्कनीत बोलता तसं."

प्रकाशने घाम पुसला. "हं. हॅलो दादा, कसं काय चाललंय? नदीला पाणी खूप आलं आहे का?"

"बाबा, प्लीज. काकांशी असं बोलता तुम्ही?"

तो पुन्हा बोलला, पुन्हा बातम्याच वाचल्या. तिसऱ्यांदाही तेच. चोवीस वर्षांची सवय होती, बायकोसमोर जीभ तिकडे वळेचना. सव्वाचार झाले. "तू जरा बाहेर जातेस का?" त्याने मृणालिनीला विचारलं, आणि विचारल्यावर त्यालाच कसंतरी झालं.

मृणालिनी स्टुलावरून उठली. बाहेर जायला नाही.

"असं नाही बोलत तू," ती म्हणाली. एक हात कमरेवर ठेवला, दुसरा कानाशी नेला, आणि तोंड त्याच्यासारखंच एका बाजूला करून ओरडली, "काय म्हंतोस दादा! जेवलास न्हवं? पाणी पुलावर आलं काय? आरं मग म्हशी वर घे की, कुणाची वाट बघाय लागलाईस!"

शुभ्राने माइक हळूच तिच्याकडे वळवला.

एरंडवण्याची मृणालिनी, जिच्या घरात 'लई'ला बंदी होती, तिच्या तोंडून अख्खं गडहिंग्लज पडलं होतं. सूर चुकला नव्हता, हेल चुकला नव्हता, शेवटची ती दटावणीसुद्धा हुबेहूब होती. चोवीस वर्षं काचेतून ऐकलेलं.

प्रकाश हसायला लागला तो खाली बसला. "अगं," तो म्हणाला, डोळे पुसत, "म्हशी इकून धा वरसं झाली की!"

"बाबा!" शुभ्रा किंचाळली. "दॅट! दॅट्स द व्हॉइस!" आणि मग हळूच, "चालूच होतं रेकॉर्डिंग. दोघांचं आलंय."

"माझं काढून टाक," मृणालिनी म्हणाली.

"आई, मागे काही घरघर आहे का त्यात?"

मृणालिनीने हेडफोन लावले, ऐकलं, पुन्हा ऐकलं. लबाडी करायची ही तिची शेवटची संधी होती.

"नाही," ती म्हणाली. "स्वच्छ आहे. यल्ला, पाठव लवकर."

पाचला सात मिनिटं कमी असताना फाइल गेली. सुजीतचं उत्तर आलं: "गिरण बंद झाली. सुरवातीची बाई कोण हाय? आमच्या गल्लीतली वाटतीया."

एसी सुरू झाला. तिघं जाळीखाली माना वर करून उभे राहिले. फ्रिज परत सुरू करायचं कुणालाच आठवलं नाही.

अल्बम विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आला. आधी मंडळाच्या आरतीला मृणालिनीने हेमाला बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलं: रॅप, कपाट, घरघर, एसी. तांदूळ परत न्या म्हणाली. हेमाने शांतपणे ऐकून घेतलं, तिचा हात दाबला आणि म्हणाली, "कळतं गं मला. माणसाला काहीतरी सांगावंच लागतं." वर्गणीची आठवण नलवड्यांना पुढेही आली नाही.

आता शेवटचा हिशेब. शुभ्राला एक वर्ष मिळालं आणि डिसेंबरातली पंचवीस मिनिटं; त्याची किंमत म्हणून तिने आपलं तीन किलो वजन भरलं. साडेसात हजारांची नोकरी हेमाच्या भाच्याला लागली. पंधरा दिवसांच्या बंद एसीमुळे ऑगस्टचं बिल दोनशे दिरहमने कमी आलं, म्हणजे पैशात म्हणावं तर हा अल्बम घराला जवळपास पाच हजार रुपये देऊन गेला. मृणालिनीच्या आईने दिलेल्या शालूची जर घामाने काळी पडली. नासलेल्या सारणाचे मोदक झाले नाहीत, गणपतीने केळ्यावर भागवलं, त्यामुळे त्याचाही वाटा धरायला हवा. प्रकाशने आपली चोवीस वर्षं आधीच भरून ठेवली होती, त्याला फक्त परतावा आला: तो आता फोन हॉलमध्येच घेतो, सोफ्यावर पाय पसरून, दादाला ऐकू जावं म्हणून ओरडून. रोज अर्धा तास पूल, पाणी, ऊस आणि कुणाच्या तरी पोराचं लगीन. मृणालिनी टीव्हीचा आवाज वाढवत नाही. ती तिथेच भाजी निवडत बसते आणि ऐकते, आणि ऐकण्याची ही रक्कम रोज, न चुकता, एकटी तीच भरते.